नकाशात नसलेला किल्ला

अण्णा,

काल मी किल्ल्यांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले आणि जगाच्या पाठीवर कुठेही नसलेल्या एका किल्ल्याला पहिला नंबर दिला. तुम्हाला हे मुळीच पटणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. त्यातही तुमची बाजू मला जास्त नीट मांडता येते, याचा वेगळा राग येतो. आज रविवार आहे. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. बाहेर शेजारी यंत्राने अंगणातली पानं उडवतोय आणि ओट्यावर कालच्या फराळाचे रिकामे डबे घासायचे पडलेत. ते पडू देत. आधी तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही विसरला असाल, मी विसरलेली नाही. साताऱ्यातली पाटबंधारे खात्याची कॉलनी, दिवाळीच्या आधीचे दिवस, प्रत्येक क्वार्टरच्या दारात चिखल. दरवर्षी कॉलनीत किल्ल्यांची स्पर्धा असायची आणि परीक्षक दरवर्षी तुम्हीच, कारण तुम्ही खात्यात ड्राफ्ट्समन होतात आणि जिल्ह्यातला एकही किल्ला चढायचा ठेवला नव्हता. मी दहा वर्षांची आहे. सहामाही परीक्षा संपल्यापासून विटा, दगड आणि फाटकी पोती गोळा करतेय. पोती चिखलात बुडवून विटांवर अंथरली, वर अळीव पेरले, ते छान उगवून आले. बाकीच्या मुलांनी प्रतापगड केला, सज्जनगड केला. समोर अजिंक्यतारा दिसतच होता, तो बघून बघून काहींनी तोच केला. मी माझा किल्ला केला. दोन डोंगर, त्यांच्यामध्ये आगकाड्यांचा झुलता पूल, एका बाजूला गोल मनोरा आणि त्या मनोऱ्याला घरातल्या प्रत्येकासाठी एकेक खिडकी. महाराजांना मी सिंहासनासकट सज्जात बसवलं होतं, वारा लागावा म्हणून. तुम्ही आलात. हातात ऑफिसची पट्टी, मागे कॉलनीतली मोठी माणसं. तुम्ही विचारलंत, "हा कुठला?" मी म्हटलं, "माझा." तुम्ही म्हणालात, "तुझा म्हणजे? तालुका कुठला?" लोक हसले. तुम्ही हसला नाहीत, ते जास्त लागलं. मग तुम्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलात, बराच वेळ त्या पुलाकडे बघत राहिलात, "यावरून घोडं जाणार नाही," एवढं बोललात आणि पुढच्या दाराकडे गेलात. माझा नंबर शेवटचा आला.

घरी आई चकल्या तळत होती. झारा तसाच कढईवर धरून तिने तुम्हाला विचारलं, "घरच्या पोरीला शेवटचा नंबर देताना काही वाटलं नाही का हो?" तुम्ही म्हणालात, "घरची आहे म्हणूनच दिला. किल्ला ही खरी गोष्ट असते. त्याच्यासाठी माणसं मेलेली असतात. मनाला येईल तसा बांधायला ती काय भातुकली आहे?" मग ताटातली एक चकली उचलून तोडलीत आणि जरा कडक झाल्याचं तिला सांगितलंत. दिवाळीनंतर तुम्ही मला तुमच्या ऑफिसात नेलंत. ते उंच तिरकं टेबल, नकाशांच्या प्रती काढायच्या अमोनियाचा नाकात जाणारा वास, भिंतीला लटकवलेले धरणांचे निळे नकाशे. मला उंच स्टुलावर बसवून तुम्ही ट्रेसिंग पेपरवर प्रतापगड उतरवलात, बुरुज न् बुरुज, गुंडाळी करून रबर लावलंत आणि माझ्या हातात दिलीत. "पुढच्या वर्षी हा कर." ती तुमची भेट होती. किती जपून काढली होती ती, हे मला आज कळतं. पण तेव्हा मला ते औषध दिल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगू का, आजही वाटतं. पुढच्या वर्षी मी प्रतापगड केला, मापात केला, दुसरा नंबर आला. त्यानंतर मी किल्ला केला नाही. मुलगी मोठी झाली असं तुम्हाला वाटलं असणार.

मग जर्मनी. पंचविशी नुकतीच ओलांडली होती, स्टुटगार्टला नोकरी लागली आणि तुम्ही मला विमानतळावर सोडायला आलात. तिकडे नवं नवं जे होतं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, कारण काळजी केली असतीत. ऑफिसातली माणसं शुक्रवार संध्याकाळपर्यंत फार सभ्यपणे वागायची आणि मग सोमवारपर्यंत नाहीशी व्हायची. रविवारी तर सगळंच बंद. दूध मिळत नाही, मशीन लावून कपडे धुतले तर खालची बाई वर येते, काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. चालू काय, तर रेल्वे आणि किल्ले. म्हणून मी किल्ले बघत सुटले. तुमच्या संस्कारांमुळे नव्हे, हे स्पष्ट लिहून ठेवते. खोलीत एकटीला बसवत नव्हतं म्हणून. पण संध्याकाळी फोन केला की तुम्ही विचारायचात, उंची किती, दरवाजा कुठे तोंड करून आहे, पाण्याची सोय काय. हे प्रश्न येणार म्हणून मी आधी विहीर शोधायला लागले. एका किल्ल्यात मार्गदर्शकाने तांब्याभर पाणी विहिरीत ओतलं आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो, तरी किती वेळ आवाज येईना, हे सांगितल्यावर तुम्ही लहान मुलासारखे "मग? मग?" करत होतात. आणि कड्यावरच्या भिंतीतून बाहेर काढलेलं, खाली नुसती दरी असलेलं ते राजेलोकांचं शौचालय. त्या दिवशी तुम्हाला हसून हसून ठसका लागला होता आणि आईने फोन काढून घेतला होता. ते रविवार चांगले होते, हे मी नाकारत नाही.

सपातांची गोष्ट मात्र तुम्हाला अर्धीच सांगितली होती. आता पुरी सांगते. स्टुटगार्टच्या दक्षिणेला एका सुट्या डोंगरावर तो किल्ला आहे, लांबून बघितला तर चित्रातून उचलून ठेवलाय असं वाटतं. हिवाळ्याचे दिवस, चौकात बर्फ. आतल्या दालनांत नक्षीच्या लाकडी फरश्या, त्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून दाराशी एका खोक्यात दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याच्या, होडीएवढ्या सपाता ठेवलेल्या. मी आपण जे करतो तेच केलं. बूट काढले, भिंतीशी जोडीने नीट लावून ठेवले आणि सपाता घातल्या. त्या बुटांवरूनच चढवायच्या असतात हे मला पहिल्या दालनाच्या मध्यावर, इतरांचे पाय बघून कळलं. माझे पाय त्यात इकडून तिकडे सरकत होते आणि मी झाडलोट केल्यासारखी चालत होते. एका छोट्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवून आईला काहीतरी विचारलं, आईने तिचं बोट खाली केलं. खरी फजिती पुढेच होती. तिथे ज्या दाराने आत शिरतात त्या दाराने बाहेर पडत नाहीत. शेवटच्या दालनात सगळ्यांनी सपाता काढून खोक्यात टाकल्या आणि ते बर्फात उतरले, आणि मी उंबऱ्यावर नुसत्या मोज्यांवर उभी.

किल्ला दाखवणारी बाई साठीच्या पुढची होती, आखूड पांढरे केस, कमरेला चाव्यांचा जुडगा. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. मला तिकीटघरात हीटरपाशी बसवलं आणि स्वतः पूर्ण वळसा घालून माझे बूट आणायला गेली. परत आली ती बूट छातीशी धरून. परक्या माणसाने, तेही आईच्या वयाच्या, आपले जोडे असे उचलून आणावेत, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी उठून उभीच राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून मी तुमचा प्रश्न विचारला, इथे लढाया किती झाल्या? ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, एकही नाही. जुना किल्ला केव्हाच पडला. हा पुढे एका राजाने हौसेने बांधून घेतला, पूर्वजांचा किल्ला कसा असावा असं त्याला वाटायचं तसा. राहायला तो जवळजवळ आलाच नाही. मी विचारलं, "म्हणजे हा खोटा?" तिने बूट माझ्या पायांशी ठेवले आणि म्हणाली, "खोटा कसा? तू आत्ता त्यातून चालून आलीस."

त्या संध्याकाळी मी फोनवर तुम्हाला फक्त सपाता सांगितल्या आणि लढाया झाल्या नाहीत एवढं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग तो किल्ला नव्हे, देखावा आहे. तुझा रविवार वाया गेला." मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. वसंतात मी मुद्दाम दक्षिणेला गेले, जिथला किल्ला बघायला अख्खं जग येतं. तोही तसाच. त्या राजाला ऑपेराचं वेड, म्हणून त्याने किल्ल्याची चित्रं चक्क नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसाकडून काढून घेतली. तोफेचा एक गोळा तिथे उडालेला नाही. तरी जपानहून, ब्राझीलहून आलेली माणसं रांगेत उभी असतात, छत्र्या घेऊन, तान्ही पोरं कडेवर घेऊन, आणि कुणीही तालुका विचारत नाही. अण्णा, त्या रांगेत उभी राहून मी तुम्हाला मनातल्या मनात जे जे बोलले ते ऐकायला तुम्ही हवे होतात. प्रत्यक्षात बोलायचं पुढच्या फोनवर ढकललं. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

पुढे लग्न झालं, अमेरिकेत आले, इथेच राहिले. आता कालचं. आमच्या मराठी मंडळाने दिवाळीला एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. थंडीमुळे किल्ले बाहेर करता येत नाहीत, म्हणून मुलं घरी प्लायवूडच्या फळीवर करतात आणि गाडीच्या डिकीतून आणतात. माती बागकामाच्या दुकानातली, पिशवीतली. मावळे कुणाच्या तरी आजीने बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेले. मंडळाचं किल्ल्यांचं काम बघणारे एक काका आहेत, कोल्हापूरचे, निवृत्त इंजिनिअर. त्यांनी मला परीक्षक केलं, कारण "तुम्ही जर्मनीत एवढे किल्ले बघितलेत वहिनी, तुमचा डोळा तयार आहे." टेबलांवर दोन रायगड होते, एक राजगड, निळ्या जेलीतला एक सिंधुदुर्ग. त्यातला एक रायगड थ्रीडी प्रिंटरवर केलेला, टकमक टोकापासून बाजारपेठेपर्यंत सगळं मापात. शेजारी मुलाचे वडील उभे राहून कंटूर समजावून सांगत होते आणि मुलगा पलीकडच्या टेबलावर शंकरपाळे खात होता. तुम्ही त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

आणि शेवटच्या टेबलावर सहावीतली एक मुलगी. खोकी, माती, वर मोहरीची हिरवी रोपं, एक मनोरा, बुटक्या भिंती. माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न निघाला, "हा कुठला गं?" ती म्हणाली, "काकू, इट डझन्ट हॅव अ नेम येट." मी जीभ चावली आणि विचारलं, भिंती इतक्या बुटक्या का? "म्हणजे कोण येतंय ते दिसतं ना. पाहुणे वगैरे." मी म्हटलं, "आणि शत्रू आला तर?" "ते पण दिसतील." दरवाज्याच्या आत एक लहानशी खोली होती आणि तिथे भिंतीशी तांदळाएवढ्या मातीच्या गोळ्या जोडीजोडीने मांडलेल्या. "हे काय?" "दॅट्स द मडरूम." इथे घरात शिरतानाच बर्फाचे बूट काढायला अशी खोली असते. "सगळ्यांनी शूज काढून आत जायचं. मावळ्यांनी पण. इट्स अ मराठी फोर्ट, काकू."

अण्णा, मी हसले, आणि मग मला दुसरीकडे बघावं लागलं.

पहिला नंबर हिचा, असं सांगितल्यावर काकांनी मला चहाच्या टेबलामागे नेलं. "अहो वहिनी, ही ॲक्टिव्हिटी आपण हिस्टरीसाठी ठेवलीय. आपण अनाउन्स करतानाच सांगितलेलं, महाराष्ट्रातला किल्ला. उद्या कुणी प्रिन्सेसचा कॅसल आणला तर काय करायचं?" मी म्हटलं, "चांगला असेल तर त्यालाही नंबर द्यायचा." ते म्हणाले, "असं नसतं हो. इथली पोरं आधीच आपल्यापासून लांब चाललीत. निदान एक रायगड तरी त्यांना माहीत नको?" ते चुकीचं बोलत नव्हते, आणि त्यामुळेच माझा पारा चढला. तुम्हीही कधी चुकीचं बोलत नव्हतात. ते म्हणाले, "आपण तिला क्रिएटिव्हिटीचं स्पेशल प्राइझ देऊ, चालेल?" मी म्हटलं, "नाही चालणार. पहिला नंबर, नाहीतर दुसरा परीक्षक बघा." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही फार पर्सनली घेताय, वहिनी." "घेतेय," मी म्हटलं. शेवटी ते हात झटकून बाजूला झाले आणि माइकवर निकाल मीच सांगितला. टाळ्या बेताच्याच पडल्या. थ्रीडी रायगडवाले बायकोला म्हणाले, "पॉलिटिक्स आहे यार सगळं," आणि ते मला ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाले. मला काही वाटलं नाही. उलट घरी जाताना गाडीत गाणं म्हणावं असा माझा मूड होता.

मी कोट घालत होते तेव्हा ती मुलगी आली. बक्षिसाची पिशवी हातात होती, पण चेहरा जिंकल्याचा नव्हता. म्हणाली, "काकू, कॅन आय आस्क यू समथिंग? ते काका सांगत होते की तुम्ही भांडलात माझ्यासाठी. मी ॲक्च्युअली जिंकले, की तुम्ही त्यांच्यावर चिडला होता म्हणून?" मी लगेच "जिंकलीस की" म्हणणार होते, पण ती माझ्या तोंडाकडे इतकं सरळ बघत होती की तसं म्हणता आलं नाही. कारण खरं होतं ते. तिचा किल्ला मी थोडाच बघितला होता, सगळा वेळ तुमच्याशी भांडत होते. मी कोट काढला, तिला घेऊन परत टेबलापाशी गेले आणि खाली वाकून तो किल्ला नीट बघितला. मागची भिंत उद्यापर्यंत बसणार, आत दगड नाही, माती ओली आहे, हे तिला सांगितलं. मनोऱ्याला जिना आहे पण वर पोचल्यावर आत जायला दार नाही, हे दाखवलं. बुटक्या भिंतीवरून दरवाज्याची वाट खरंच दिसते का ते डोळा टेबलाच्या पातळीला आणून तपासलं. दिसत होती, अगदी वळणापर्यंत. अशी भिंत मी सह्याद्रीतही बघितली नाही आणि जर्मनीतही नाही, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सो?" मी म्हटलं, "पहिला. आता बघून सांगतेय." तिने मान हलवली, फराळाचा एक प्लास्टिकचा चमचा घेतला आणि मनोऱ्याला दार कोरायला बसली.

तुमचा निकाल मला मान्य नाही, अण्णा. तेव्हा नव्हता, आज नाही, आणि काकांसारखी कितीही चांगली माणसं तुमच्या बाजूने उभी राहिली तरी होणार नाही. माणसं किल्ल्यासाठी मरतात हे खरं, पण कुणीतरी आधी तो मनाने बांधलेला असतो, आणि हे धरणांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला मी शिकवायला नको होतं. हे तुम्हाला ऐकवायचं होतं म्हणून लिहायला बसले. लिहून झालं आणि लक्षात आलं की माझा राग नंबरावर नाहीच आहे. त्या मुलीने जे मला तोंडावर विचारलं ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर रविवारी फोनवर आपण दरवाजे आणि विहिरी बोलत बसायचो तेव्हाही नाही. आता हा कागद कुठे टाकायचा, तो इथेच फराळाच्या डब्यांखाली राहील. शेवटचा नंबर राहू दे, अण्णा. तुम्ही वाकून इतका वेळ बघत होतात, तेव्हा माझा किल्ला तुम्हाला आवडला होता का, एवढंच मला अजून हवंय.